लपून बसलेलं बाळ

रविवारी सकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा तो हॉल इतका भरायचा, की उशिरा येणाऱ्या बायका जिन्यातच पायरी धरून बसायच्या. समोर उंच पाठीच्या खुर्चीत माझी भाची चिमी बसलेली असायची आणि तिच्या शेजारी गोडबाबा उभा. बायका एकेक करून पुढे यायच्या, चिमीच्या पोटाजवळ हात न्यायच्या आणि न टेकवताच मागे घ्यायच्या, कारण टेकवायची परवानगी नव्हती. काही जणी रडायच्या. एक शिक्षिका, चांगली शिकलेली, खाली उतरताना दर वेळी मला सांगायची, की आज बाळ हललेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चिमीने श्वास घेतला असेल, असं मी म्हणायचे. मग ती माझी कीव केल्यासारखी हसायची.

चमत्कार असा होता, की चिमीला दिवस जाऊन वर्ष उलटलं होतं. पोट म्हणावं तर जेवल्यावर कुणाचंही दिसेल तेवढंच. पण पाळी थांबली होती आणि दूध येत होतं.

"घड्याळ माणसाचं असतं," गोडबाबा म्हणायचा. आवाज असा, की कानात पाक सोडल्यासारखं वाटावं. "हत्तीण दोन-दोन वर्षं पिल्लू पोटात बाळगते. तिला जाऊन विचारतं का कुणी, की बाई, एवढा उशीर का? कृपेचं बाळ आहे. त्याला घाई नाही. आणि दवाखान्यातल्या त्या यंत्रापुढे ते लपतं. लाजतं. तुमच्या तोंडावर कुणी बॅटरी मारली तर तुम्ही काय कराल?"

सगळ्या बायका तोंड फिरवून दाखवायच्या. बाबा समाधानाने मान डोलवायचा.

मी मागे दारापाशी हाताची घडी घालून उभी असायचे. मी बुद्धिवादी होते. निदान माझा तसा समज होता आणि तो मी सगळ्या कारखान्याला ऐकवत असे.

कारखाना म्हणजे पुस्तकबांधणीचा. छापलेले मोठे कागद आमच्याकडे येत, त्यांच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, शिवायचे, सरस लावून दाबाच्या यंत्रात घालायचे. मी तिथे बायकांची मुकादम होते. वैद्यकाचे जाडजूड ग्रंथ माझ्या हाताखालून गेले होते आणि घडी घालता घालता जे डोळ्यांपुढे येई ते मी वाचत असे. त्यामुळे माझं वैद्यकाचं ज्ञान अफाट होतं, फक्त ते सोळा पानांवर येऊन तुटायचं. काविळीची लक्षणं मला तोंडपाठ होती, उपाय दुसऱ्या फर्म्यात होता आणि तो दुसऱ्याच बाईच्या टेबलावर गेला होता. तरीही कुणाचं डोकं दुखलं, कुणाचं पोट बिघडलं, की मी बेधडक निदान करायचे. चुकलं तर रोग्याचं चुकलं.

आमच्याकडे एक पद्धत होती. दाबाच्या यंत्राचं चाक फिरवायला जोर लागतो. म्हणून जिला पाळी आली असेल तिने त्या दिवसांत यंत्राकडे जायचं नाही, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून नुसत्या घड्या घालायच्या. कुणी काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. चांगली पद्धत होती. पण तिचा परिणाम असा, की कुणाची पाळी कधी येते हे सगळ्या कारखान्याला ठाऊक. चिमीही आमच्याकडेच कामाला, आणि ती लग्नाआधीपासून त्या खुर्चीत क्वचितच दिसायची. दोन महिन्यांनी, कधी तीन. मी म्हणायचे, अंगात उष्णता आहे. कुठल्या फर्म्यात वाचलं होतं कोण जाणे.

मग असं झालं, की चिमी त्या खुर्चीकडे फिरकेनाच. ऋतू बदलला तरी नाही. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली, लग्नाला एवढी वर्षं झाली, आता पेढ्यांचं बघा म्हणाल्या. कुणीतरी लोकरीची टोपडी विणायला घेतली. आम्ही रिकाम्या खुर्चीवरून बाळंतपण ठरवून टाकलं. दवाखान्यात जा, असं आमच्यातल्या एकीनेही म्हटलं नाही, कारण जे आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं ते डॉक्टरने वेगळं काय सांगायचं. मुकादमबाईही त्यात होत्याच. टोपड्याची लोकर मीच निवडली होती, पिवळी, म्हणजे मुलगा-मुलगी दोघांना चालेल.

चिमीची आई, माझी धाकटी बहीण, लवकर गेली. पोर माझ्याच घरी वाढली. तिला मूल हवं होतं, आणि ते किती हवं होतं हे मला तिच्या बोलण्यातून नाही, गप्प राहण्यातून कळायचं. दुसऱ्या कुणाची बातमी आली की ती दिवसभर दाबाचं चाक फिरवत राहायची, बदली बाई आली तरी सोडायची नाही. म्हणून तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, तिला गोडबाबाकडे नेलं तेव्हा मी तोंडाचा पट्टा चालवला, पण आडवी आले नाही. बाबाने तिला पुड्या दिल्या. पांढरी पूड, गोड, दिवसातून तीनदा. पाळी थांबली ती पुड्या सुरू झाल्यावर. दूध त्यानंतर. बाबा म्हणाला, "दूध खोटं बोलत नाही."

आता माझ्या बुद्धिवादाची गोष्ट. मला जुनी जळजळ होती. सरसाचा वास, कारखान्यातला अवेळी चहा, दुपारनंतर घशाशी यायचं. एकदा चिमीने तिच्यातली एक पुडी मला दिली. मी बाबाला चार शब्द सुनावले आणि पुडी खाल्ली. जळजळ थांबली. दुसऱ्या दिवशी मी पाच शब्द सुनावले आणि दुसरी मागून घेतली. बघता बघता चिमी माझ्यासाठी वेगळ्या पुड्या आणायला लागली. बाबावर माझा विश्वास नव्हता, पुडीवर होता. अशी मी रविवारी दारात उभी राहून लोकांच्या भोळेपणाला हसत असे, दोन्ही वेळा जेवणाआधी पुडी घेऊन.

माझी पाळीही त्याच सुमाराला गेली. पंचेचाळिशी उलटली होती. वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं आणि या निदानावर खूश झाले, कारण त्याचा फर्मा मी पूर्ण वाचला होता.

चिमीला वर्ष होऊन गेलं तेव्हा मात्र मला राहवेना. मी तिला खोटंच सांगितलं, की मला दवाखान्यात जायचंय, सोबत ये. तिथे गेल्यावर तिलाच आत ढकललं.

डॉक्टरबाई चिमीच्याच वयाच्या होत्या. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. पाळी थांबली की पहिला प्रश्न बाळाचाच, असं म्हणून त्यांनी लघवी तपासली. दिवस गेलेले नव्हते. चिमीने मान हलवली, तिला ते आधीच माहीत होतं, कृपेचं बाळ त्या कागदाच्या पट्टीला कळत नाही. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पाळी पहिल्यापासून कशी, वजन एकदम उतरलं का वाढलं, काम किती दमवणारं, कसली धास्ती आहे का, हनुवटीवर केस येतात का, डोकं दुखतं का, असं विचारत गेल्या. बोटं दोन्ही बाजूंनी हळूहळू पुढे आणून, कडेचं नीट दिसतं का तेही पाहिलं. दुधाचं ऐकल्यावर थोड्या थांबल्या आणि विचारलं, कुठलं औषध चालू आहे का.

चिमी म्हणाली, नाही.

ती खोटं बोलली नव्हती. पुडीला औषध म्हटलं की तिची शक्ती जाते, असं बाबाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मीही शेजारी बसून मान डोलवली, पोर साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही म्हणून.

मग सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी पडदा चिमीकडे वळवला.

"हे गर्भाशय. रिकामं आहे."

"लपलंय," चिमी म्हणाली.

"कुठे लपेल? मूठभर जागा आहे ही. हिला कोपरासुद्धा नाही."

चिमी पडद्याकडे बघत राहिली. मग उठली, कपडे सारखे केले आणि मला मागे सोडून घरी गेली. रक्त मात्र देऊन गेली, तेवढं नशीब.

रक्ताचा निकाल घ्यायला मी एकटी गेले. थायरॉईड ठीक होतं. पण मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यातून दूध आणणारं एक संप्रेरक सुटतं, ते चिमीच्या रक्तात भलतंच वाढलं होतं. डॉक्टरबाईंनी मला समजेल असं सांगितलं: बाळंतिणीच्या अंगात ते वाढतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी बरेचदा थांबते. चिमीच्या शरीराला वाटतंय, की बाळ झालेलंच आहे. असं का वाटतंय ते शोधायला हवं. कधी त्या ग्रंथीवर छोटी गाठ असते. गाठ वाढली तर नजरेवर दाब येतो. डोक्याचा स्कॅन करावा लागेल.

मी चिमीच्या घरी गेले. तिने दारातूनच सांगितलं, की ती कुठेही येणार नाही. विहीणबाई मागून म्हणाल्या, की येत्या रविवारनंतर बाबा चिमीला घेऊन गावोगाव फिरणार आहेत, कारखान्यातलं काम सोडायला सांगितलंय, आणि मावशीची सावली बाळावर नको. चिमी खाली बघत होती. तिच्या डोक्यात गाठ असेल आणि ती खुर्चीत बसून लोकांना आशीर्वाद देत फिरेल, या विचाराने मी घरापर्यंतही पोचले नाही. रस्त्याच्या कडेला बसून मी काय केलं असेल? जळजळ व्हायला लागली म्हणून पुडी खाल्ली.

त्याच आठवड्यात कामावर असताना माझं पोलकं डाव्या बाजूला ओलं झालं. सरस सांडला असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी सरसाची बादली टेबलापासून लांब सरकवली आणि सरस ढवळणाऱ्या बाईला झापलं. तिने बिचारीने झाकण आणून लावलं. मग त्याच संध्याकाळी घरी बसलेली असताना पुन्हा ओलं झालं. सरस काही घरी चालत येत नाही. मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं, बघितलं. दूध होतं.

पहिल्यांदा मला पुस्तकं आठवली, मग देव, आणि त्यानंतर शेजारीण. माणूस किती बुद्धिवादी आहे ते या क्रमावरून ओळखावं. शेजारणीच्या भीतीने मी तोंड झाकून दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी माझ्या हातात लघवीची बाटली दिली.

"डॉक्टरबाई, माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली हो," मी म्हटलं.

"तपासणी तुमच्या नवऱ्याला ओळखत नाही. जाऊन या."

दिवस गेलेले नव्हते, हे ऐकून मला जो आनंद झाला तो सांगायची सोय नाही. मग तेच प्रश्न, आणि औषधाच्या प्रश्नाला माझंही तेच उत्तर, काही नाही. डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पेन खाली ठेवलं.

"बरं, औषध सोडून द्या. सकाळी उठल्यापासून तुमच्या तोंडात काय-काय जातं, तेवढं सांगा."

मी सांगायला लागले. चहा. मग थोडं काहीतरी पोटात. मग कारखान्यातला चहा. मग पुडी.

"कसली पुडी?"

मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. ठेवता ठेवताच मला कळलं. दूध चिमीला आणि मला, पाळी दोघींची गेलेली, आणि पुडी दोघींच्या तोंडात. हे समजायला वैद्यकाचा एकही फर्मा लागत नव्हता. पण इतके दिवस पुडी मी मोजण्यात धरलीच नव्हती, रोज दोनदा स्वतः खात असूनही.

मला वाटलं होतं, डॉक्टरबाई बोटाला लावून चव घेतील, पण त्यांनी घेतली नाही. पुडी बंद केली, प्रयोगशाळेत पाठवली आणि औषध खात्याच्या निरीक्षकांना कळवलं. निकाल रविवारच्या आत आला. पिठीसाखर, आणि उलटी-मळमळीवर मिळणाऱ्या गोळ्यांचा चुरा. या गोळ्या पोटाला आराम देतात, म्हणून माझी जळजळ थांबत होती. पण काही बायकांत, आणि जास्त घेतल्या तर पुरुषांतसुद्धा, त्या ग्रंथीला चुकीचा निरोप पोचवतात. दूध वाढतं, पाळी थांबते.

रविवारी मी हॉलमध्ये गेले. दारापाशी उभी न राहता थेट पुढे. चिमी खुर्चीत होती. बाबाचं बोलणं हत्तिणीपर्यंत आलं होतं. मी ओरडून भांडणार होते, तशी तयारीही केली होती, पण चिमीकडे बघितल्यावर सगळं विसरले आणि जे होतं ते विचारलं.

"बाबा, मलाही दूध येतंय. पाळीही नाही. मलाही दिवस गेलेत का?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाबा जराही डगमगला नाही. हात वर करून म्हणाला, की कृपा कुणावर होईल ते माणसाने ठरवू नये, मीही धन्य आहे.

"माझा नवरा नाही," मी म्हटलं. "वय हे असं. आणि तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, हे या सगळ्यांना माहितीये. कृपा पत्ता चुकली असेल तर तसं सांगा."

आता हॉल हसायला लागला. बाबाने श्रद्धेचं काहीतरी सुरू केलं, पण चिमीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"मावशी, खरंच?"

मी तिच्यापुढे गेले आणि पदर बाजूला केला. एवढ्या बायकांसमोर. जन्मभर मान ताठ ठेवून मुकादमगिरी केलेली बाई, ओल्या पोलक्यात. तिने हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. सरसाचा वास तिला माझ्याइतकाच पाठ होता. हा तो नव्हता.

"तुझ्या पुड्या मी खात होते," मी म्हटलं. "मग माझ्या पोटात कोण लपलंय गं, चिमे?"

ती हसली. आधी हसलीच. मग तिचा चेहरा जो मोडला तो मला आजही आठवायला नको वाटतो. माझ्या एका वाक्याने एक मूल पुसलं होतं. ते कधी नव्हतंच हे खरं, पण तिने वर्षभर त्याच्याशी बोलून काढलं होतं. ती खुर्चीतून उतरली. विहीणबाई तिचा हात धरायला पुढे येतील असं कुणालाच वाटलं नसेल, पण त्याच आल्या, आणि बाबाकडे पाठ करून तिला कुशीत घेऊन जमिनीवर बसल्या. बाई तोंडाळ होत्या, वाईट नव्हत्या. नातवंड त्यांनाही हवं होतं.

डॉक्टरबाई निरीक्षकांना घेऊन माझ्या मागोमाग आल्या होत्या आणि दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना पुडीचं सांगितलं. आतल्या खोलीत साखरेच्या पोत्यामागे गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि दळायचं यंत्र सापडलं. बाबा पूर्वी औषधकंपनीचा विक्रेता होता, हे पुढे तपासात कळलं. दुकानोदुकानी फिरताना, या गोळ्यांनी बायकांना दूध येतं, पाळी थांबते, अशी तक्रार त्याने ऐकली होती. औषधाचा जो दोष डॉक्टर सांगत, तोच याने माल म्हणून विकला. मूल नसलेली बाई यायची, पुडी घ्यायची, लक्षणं दिसायची. शेवटी बाळ झालं नाही, की तिच्या मनात पाप होतं. बाळ कृपेने येणार आणि जाणार तिच्या पापाने. हॉलमध्ये तशा तीन-चार जणी बसलेल्या होत्या, पूर्वी पापी ठरलेल्या. त्यांच्यातल्या एकीने चप्पल हातात घेतली तेव्हा निरीक्षकांनी बाबाला घाईने जिन्याने खाली नेलं. शिक्षिका जिन्यातच होती. तिने वाट दिली, पण पटकन नाही.

पुड्या थांबल्या. काही आठवड्यांत आमचं दोघींचं दूध आटलं, रक्तातलं ते संप्रेरक खाली आलं आणि डोक्याचा स्कॅन करावाच लागला नाही. माझी जळजळ परत आली. चिमीची पाळी परत आली. माझीही आली, म्हणजे वय झाल्याचं माझं निदानसुद्धा चुकलं होतं.

पण चिमीची पाळी पूर्वीसारखीच आली, उशिरा, दोन महिन्यांनी. ती डॉक्टरबाईंकडे गेली, या वेळी स्वतःहून. त्यांनी सांगितलं, की खरा तपास आता सुरू करता येईल. इतका वेळ पुडीच्या धुरळ्यात मूळ दुखणं दिसतच नव्हतं. पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी. तिच्या अंडाशयात बीजं पिकायला उशीर लागत होता. हे पुष्कळ बायकांना असतं, ती पापी नाही आणि तिच्या अंगात उष्णताही नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं ते मला कळलं.

चिमीने विचारलं, "मला मूल होईल का?"

"माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण उपाय आहेत. करून बघू, आणि काय होतंय ते तुला खरं सांगत जाईन."

बाहेर आल्यावर चिमी म्हणाली, की एवढ्या वर्षांत तिला 'माहीत नाही' म्हणणारी ही पहिलीच. नवरा, सासू, बाबा, कारखाना आणि मावशी, सगळ्यांना सगळं माहीत होतं.

आता कारखान्यातल्या नव्या मुली मला काही विचारायला येतात. मी निदान करत नाही. पाळी लांबली, थांबली, तर दवाखान्यात जा म्हणते. आधी बाळ आहे का ते बघू दे, मग रक्त देऊन या. आणि तोंडात जे जे जातं ते सगळं सांगा: गोळी, काढा, पूड, कुणी प्रेमाने दिलेलं, कुणी मंतरून दिलेलं. तुम्ही त्याला औषध म्हणता की नाही, याच्याशी शरीराला काही देणंघेणं नसतं. आणि तपासू नका असं जो सांगेल, त्याचं काहीही खाऊ नका, जळजळ थांबली तरी.

मुली हे सगळं नीट ऐकून घेतात आणि मग हमखास विचारतात, की मावशी, चिमीताईला पुढे मूल झालं का?

ते मी सांगत नाही. चिमीनेच बजावलंय.

"झालं म्हणालीस, तर डॉक्टरबाईंच्या दारात हात लावायला रांग लागेल. नाही म्हणालीस, तर नव्या एखाद्या बाबाच्या. मावशी, तू फक्त पुडीचं सांग."